वजा झालेली वर्षं

परळच्या त्या चाळीत रात्रीला एक लाल ठिपका होता. दिवे मालवले, नळाखालची शेवटची बादली भरून झाली, शेजारच्या खोलीतला रेडिओ गप्प झाला, की थोड्या वेळानं गॅलरीच्या कठड्यापाशी तो उगवायचा. क्षणभर फुलायचा, तेवढ्या उजेडात एक नाक, मिशीची एक कड, अर्धवट मिटलेली पापणी दिसायची, मग तो राखेखाली मंदावायचा, अंधार पुन्हा सगळं पुसून टाकायचा, आणि दिवाळीच्या सुट्टीत गावाहून आलेली आम्ही मुलं दाराशी अंथरलेल्या सतरंजीवर पडल्या पडल्या त्याच्या पुन्हा फुलण्याची वाट बघायचो. तो फुलला की कळायचं, मामा पाळीवरून आला आहे. मग मुंबईची भीती वाटायची नाही.

"निजलंस नाय गो अजून?" ठिपका विचारायचा.

मामा गिरणीत होता, साचेखात्यात. तिथं हवेत कापसाचे तंतू तरंगत असायचे, एक ठिणगी पडली तर सगळं खातं पेट घेईल, म्हणून आत काडी ओढायची नाही; आठ तास कानांत साच्यांचा खडखडाट, जिभेखाली तंबाखूची चिमूट आणि श्वासात कापूस. दुसऱ्या पाळीचा भोंगा झाला, फाटकातून माणसांचा लोंढा बाहेर पडला, की पहिली काडी फाटकाबाहेरच ओढली जायची. त्याच्या सदऱ्याला साच्याच्या तेलाचा वास यायचा, खोबरेल तेलाचा यायचा आणि धुराचा. तेल धुण्यात जायचं. धूर जायचा नाही. तो त्याच्या उशीच्या अभ्र्यात होता, माझ्या गालावरून फिरलेल्या त्याच्या बोटांत होता, गावाला जाताना त्यानं माझ्या मुठीत कोंबलेल्या नोटेतही होता. आजसुद्धा रस्त्यात कुणी अनोळखी माणूस धूर सोडत पुढे गेला, की माझ्या मनात आधी माया दाटते. भीती मागून येते. या विषयावर मला रागानं लिहिता येत नाही, ते यामुळे.

कोपऱ्यावर टपरी होती. तिच्या खांबाला जाड सुंभ टांगलेला असायचा, खालचं टोक दिवसरात्र धुमसत. आल्यागेल्यानं ओठांतली सिगारेट त्या टोकाला टेकवायची, गाल आत ओढून दोन झुरके घ्यायचे आणि चालू लागायचं. मामाचं बोट धरून मी तिथं उभी राहायचे आणि त्या टोकाकडे बघत बसायचे. जळून गेलेला भागही वळलेलाच दिसायचा. राख झाली तरी काथ्याचे वेढे एकमेकांना सोडत नसत, बोट लागलं तरच भुगा होऊन खाली पडत. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण आजीच्या तोंडी भांडखोर भाऊबंदांसाठी असायची. मला ती त्या टपरीवर डोळ्यांनी दिसली. पुढे मामानं किती वेळा सिगारेट सोडली! गणपतीत सोडली, आईच्या वर्षश्राद्धाला सोडली, मुलगा झाला त्या रात्री उरलेलं अख्खं पाकीट गॅलरीतून खाली भिरकावून सोडली. निश्चयाचे दिवस एकेक करून जळून गेले.

पीळ तसाच राहिला.

व्यसन म्हटलं की माणूस एका शब्दात बसवता येतो, आणि मग त्याच्याकडे पुन्हा बघावं लागत नाही. मी मामाकडे पुष्कळ बघितलं आहे. एका खोलीत सात माणसं, मोरीत जायलाही पाळी, संडासाला रांग, जेवायला दोन पंगती, झोपायला अर्धी माणसं आत आणि अर्धी गॅलरीत; गिरणीत मुकादमाची नजर, घरी सगळ्यांच्या अपेक्षा. अशा त्या आयुष्यात रात्रीची ती पाच मिनिटं, पाठ सगळ्यांकडे आणि तोंड रस्त्याकडे, त्याची एकट्याची असायची. त्या वेळात मामी त्याला हाक मारत नसे, आम्ही त्याच्या अंगाखांद्यावर चढत नसू. धुराच्या चार भिंती त्याच्याभोवती उभ्या राहायच्या, आणि आत मामा.

ती त्याची स्वतःची खोली होती.

त्याच्या पिढीला ही खोली सिनेमानंही सजवून दिली होती. देव आनंदचा 'हम दोनों' १९६१ साली आला. साहिरचे शब्द, जयदेवची चाल, रफीचा आवाज, आणि पडद्यावर काळजी-चिंता हलकेच हवेत सोडून देणारा तो देखणा फौजी. मामा तेव्हा अठरा वर्षांचा होता, कोकणातून बोटीनं मुंबईत येऊन त्याला फार दिवस झाले नव्हते. ते गाणं तो शेवटपर्यंत गुणगुणायचा, शिट्टीवर, दाढी करताना, खोकल्याच्या मधल्या जागेत. त्या वयात, त्या शहरात, खिशात पैसे नसताना, एका सुट्या सिगारेटच्या किमतीत माणसाला देव आनंदसारखं उभं राहता येत होतं. या मोहाला हसण्याचा हक्क मला वाटत नाही.

पण त्या खोलीला भाडं होतं. धूर छातीत उतरला की काही सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं, आणि तिथं काहीतरी सैल होतं, खांदे खाली येतात, जग थोडं मागे सरकतं. ही शांती खरी असते. मात्र ती ज्या अस्वस्थतेवर फुंकर घालते, त्यातली बरीचशी आधीच्या सिगारेटनंच मागे ठेवलेली असते. दुपारची सिगारेट सकाळच्या सिगारेटची परतफेड करते, रात्रीची दुपारच्या. मुद्दल कधी फिटत नाही, आणि माणसाला वाटत राहतं की हीच आपल्याला सांभाळून आहे. मामाला तसंच वाटायचं. "ही आसा म्हणान चल्ला," तो म्हणायचा.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. गिरणगावातला भोंगा थांबला, धुराडी थंड पडली, आणि अडीच लाख माणसांचे हात एकाएकी रिकामे झाले. रिकामा हात खिशाकडे जातो. पगार बंद, मामीनं खानावळीचे डबे सुरू केलेले, संपाच्याच वर्षी मुलगा झालेला. सिगारेट परवडेना म्हणून मामा विडीवर आला. विडी साधी, आपली, गरिबाची, पानात गुंडाळलेली म्हणून कमी वाईट, असं त्याच्यासारखंच सगळ्या चाळीला वाटायचं. तिच्यात तंबाखू कमी असतो हे खरं. पण तेंदूच्या पानातून हवा आरपार जात नाही, ती पुन्हा पुन्हा ओढली नाही तर विझते, आणि मग जास्त झुरके, जास्त खोल. त्या विड्या सोलापूरच्या, सिन्नरच्या कुठल्या तरी ओसरीवर एखाद्या बाईनं मांडीवर सूप घेऊन वळलेल्या असायच्या, तंबाखूची भुकटी नाकातोंडात जात असताना, दिवसाचे हजार आकडे पुरे करण्याच्या घाईत. एका छातीतून निघून धूर दुसऱ्या छातीत जातो, याची सुरुवात पेटवण्याच्या कितीतरी आधी झालेली असते.

मग पहाटेचा खोकला. कोंबड्याच्या आधी, दूधवाल्याच्या आधी, पहिल्या पाळीच्या लोकांची पावलं जिन्यावर वाजायच्या आधी मामाचा खोकला उठायचा. खोल विहिरीत कुणीतरी भरलेली घागर दगडांवर आपटत वर ओढावी, तसा तो यायचा; थांबायचा, पुन्हा यायचा. आम्ही दचकून उठायचो. "ह्यांचो खोकलो तो, घाबरा नको," अंधारातच मामी म्हणायची आणि मला थोपटायची. चाळीत असे खोकले पुष्कळ होते. प्रत्येक खोलीचा निराळा. ऐकणाऱ्याला आवाजावरून कळायचं, आज कोण उठलं आणि कोण उठलं नाही.

खूप वर्षांनी मला कळलं की तो खोकला म्हणजे शरीराची हार नव्हती, झुंज होती. आपल्या श्वासनलिकेच्या आतल्या बाजूला डोळ्यांना न दिसणारी लव असते. ती अखंड हलत असते, आत आलेली धूळ, कफ, काजळी घशाकडे ढकलत असते. आपण जागे असो की झोपलेले, ती काम थांबवत नाही. धूर तिला बधिर करतो. रात्री चार-पाच तास धूर नसला की ती लव पुन्हा डोकं वर काढते, साचलेलं सगळं बाहेर लोटू लागते, आणि पहाटे माणूस खोकत उठतो. रोज रात्री मामाचं शरीर त्याला वाचवायला निघायचं. रोज सकाळी चहाबरोबरची पहिली विडी त्याला पुन्हा गप्प करायची. तीस-चाळीस वर्षं, एकही रात्र न चुकवता, आतून कुणीतरी त्याच्यासाठी लढत होतं.

आणि बाहेर जगाला सगळं ठाऊक झालेलं होतं.

लंडनमध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या दोघांनी वीस रुग्णालयांतल्या आजाऱ्यांच्या खाटांपाशी प्रश्न पोचवले, तेव्हा फुप्फुसाचा कर्करोग एवढा का वाढतो आहे हे कुणालाच उमगत नव्हतं. डॉल यांना संशय होता तो रस्त्यांवर ओतल्या जाणाऱ्या डांबराचा. उत्तरं येत गेली, आणि डांबर रस्त्यावरचं नव्हे, माणसाच्या बोटांतलं निघालं. डॉल स्वतः सिगारेट ओढत; त्यांनी ती सोडली. १९५० साली त्यांचा लेख छापून आला. तेव्हा मामा आमच्या गावच्या शाळेत पाटीवर बाराखडी गिरवत होता. त्याच्या फुप्फुसात समुद्राचा वारा होता, भातखाचरांतल्या चिखलाचा वास होता, दुसरं काही नव्हतं. प्रश्न त्याच्यापर्यंत पोचायला दहा वर्षं होती, आणि उत्तर आधीच लिहून तयार होतं. फक्त त्या लेखाला गिरणगावाचा पत्ता माहीत नव्हता.

दुसऱ्याच वर्षी त्या दोघांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांना पत्रं पाठवून विचारलं, तुम्ही ओढता का, किती ओढता. सुमारे ३४ हजार पुरुष डॉक्टरांच्या उत्तरांचा माग ते काढत राहिले. एक वर्ष, दहा वर्षं, पन्नास वर्षं. हिल गेले, कित्येक डॉक्टर गेले, आणि २००४ साली एक्याण्णव वर्षांच्या डॉल यांनी सहकाऱ्यांबरोबर पन्नास वर्षांचा ताळेबंद मांडला. आयुष्यभर सिगारेट ओढणारा माणूस न ओढणाऱ्यापेक्षा सरासरी दहा वर्षं आधी जातो. अर्धं शतक आणि हजारो माणसांची आयुष्यं एका ओळीत आली.

दहा वर्षं.

आपल्याकडे हा हिशेब फार जिव्हाळ्याच्या रीतीनं झाला. २००१ ते २००३ या काळात जी माणसं गेली, त्यांच्या घरी कार्यकर्ते गेले; देशभरातल्या अकरा लाख घरांच्या उंबऱ्याशी थांबून त्यांनी, जिथं कुणी गेलं होतं तिथं, मागे राहिलेल्यांना विचारलं. शेवटी काय होत होतं? दम लागायचा का? ताप यायचा का? आणि, ते विडी-सिगारेट ओढायचे का? प्रभात झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली त्या उत्तरांतून जे वाचलं ते असं: सिगारेट ओढणाऱ्या पुरुषाची सुमारे दहा वर्षं वजा होतात, विडी ओढणाऱ्या पुरुषाची सहा, विडी ओढणाऱ्या बाईची आठ. आणि आपल्याकडे ही माणसं केवळ कर्करोगानं जात नाहीत. क्षयानं जातात, दम्यासारख्या दिसणाऱ्या धापेनं जातात, हृदय थांबून जातात. मृत्यूच्या दाखल्यावर धुराचं नाव कुठंच नसतं. धुराला नाव नोंदवायची सवय नाही.

त्या तीन वर्षांतल्याच एका पावसाळ्यात मामा गेला. साठीला आला होता. आमच्या दाराशी विचारायला कुणी आलं नव्हतं. पण कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी ओट्यावर बसून त्याच्यासारख्याच कुणाच्या तरी बायकोनं पदर सावरत "होय, ओढायचे," असं सांगितलं असेल, आणि ते तिनं माझ्या मामीच्या वतीनंही सांगितलं, असं मला वाटतं. शेवटी शेवटी मामाला जिन्याच्या चार पायऱ्या चढून थांबावं लागायचं. कठड्याला धरून, डोकं खाली घालून, तो हवा गोळा करायचा. मुंबईभर वारं सुटलेलं असायचं, समोरच्या पिंपळाची पानं सळसळत असायची, आणि एवढ्या हवेतली घोटभर हवा त्याला मिळत नसे.

तेव्हापासून मी त्याच्या दहा वर्षांचा विचार करते. सरासरी कुणा एकाच्या वाट्याला नेमकी येत नाही हे मला कळतं. तरी मी ती वर्षं मनात उलगडत बसते, आणि त्यांच्यात काय काय होतं ते पाहते. २००९ साली वांद्र्याहून वरळीपर्यंत समुद्रावर पूल झाला. तो बघायला मामा मला घेऊन गेला असता आणि खाऱ्या वाऱ्यात उभं राहून म्हणाला असता की आमच्या बोटी याच समुद्रातून यायच्या. २ एप्रिल २०११ च्या रात्री वानखेडेवर धोनीचा शेवटचा षटकार गेला, अख्खी चाळ गॅलरीत आली, थाळ्या वाजल्या. त्या गर्दीत कठड्यापाशी एक जागा रिकामी होती आणि ती रिकामी आहे हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. २०१२ मध्ये गिरणी कामगारांच्या घरांची सोडत निघाली. ज्या घरासाठी त्यानं मोर्चांत पाय झिजवले, त्याच्या यादीत आपलं नाव शोधायला चष्मा पुसून बसणारा माणूस त्या दिवशी घरात नव्हता. गावच्या घराची कौलं त्याला परतायची होती. परसातल्या फणसाला पहिलं फळ लागलं ते त्यानं पाहिलं नाही. मुलाचं लग्न, सुनेचं माप ओलांडणं, नातीचं बारसं, तिच्या कानात कुजबुजायचं नाव.

आकडा म्हणतो, दहा. माणूस म्हणतो, हे सगळं.

आणि मामी? तिनं आयुष्यात विडी हातात धरली नाही. धरली ती विझलेली थोटकं, सकाळी गॅलरी झाडताना. पण एका खोलीतली हवा वाटून घ्यावी लागते. ती त्याच उशीवर झोपली, त्याच दारात पोळ्या लाटत बसली, जो धूर मामानं बाहेर सोडला तो तिनं आत घेतला, संसारातलं सगळंच अर्धं अर्धं घेतलं तसा. दुसऱ्याच्या धुरानं मरणाऱ्यांची जगातली संख्या वर्षाला दहा लाखांच्या वर आहे, आणि एकूण तंबाखूनं जाणाऱ्यांची सत्तर लाखांच्या वर. हे आकडे वाचताना मला चेहरे दिसत नाहीत, खोल्या दिसतात. बंद खिडक्या, पावसाळी रात्र, एका कोपऱ्यात तान्हं मूल, दुसऱ्या कोपऱ्यात पेटलेली काडी. मामीच्या छातीत आता जे घरघरतं त्यातलं किती चुलीचं, किती कापसाचं, किती मामाचं, हे वेगळं काढणार कोण?

परळमध्येच कर्करोगाचं टाटा मेमोरियल रुग्णालय आहे, १९४१ पासून. गिरण्यांची धुराडी आणि ते रुग्णालय एकाच आकाशाखाली उभी राहिली. त्या बाजूच्या पदपथांवर आजही बिहारहून, बंगालहून, विदर्भ-मराठवाड्यातून आलेली कुटुंबं अंथरूण टाकून असतात. उशाशी पिशवी, पिशवीत तपासण्यांच्या फायली, स्टोव्हवर खिचडी. संध्याकाळी तिथून जाताना मला जाणवतं की मृत्यूची मोजदाद करणाऱ्या तक्त्यांत या प्रतीक्षेला रकाना नाही. विकलेल्या गुरांना नाही, शाळा सोडून बापाबरोबर आलेल्या पोराला नाही, दिवसचे दिवस कुणाच्याच जेवणाला चव नसते त्याला नाही. सार्वजनिक आरोग्य हे फार मोठं नाव आहे. जवळ गेलं की ते एका बाईच्या मांडीवरचं डोकं असतं.

२०१६-१७ च्या पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे दहा कोटी प्रौढ माणसं विडी, सिगारेट, हुक्का, काही ना काही ओढतात. महाराष्ट्रात त्यांचं प्रमाण शंभरात जेमतेम चार. आपल्याकडची सवय धुरापेक्षा तोंडात जास्त वसते, चुन्याबरोबर मळलेल्या चिमटीत, बायकांच्या मशेरीच्या डबीत, आणि ती धरली तर दर चार प्रौढांत एकाहून अधिक जण सापडतात. मी कधी कधी रात्री डोळे मिटून हा देश उंचावरून बघते. शहरांचे दिवे विझलेले, आणि मागे उरलेले फक्त ते दहा कोटी ठिपके. ट्रकच्या केबिनमध्ये, पहारेकऱ्याच्या खुर्चीपाशी, शेताच्या बांधावर, वसतिगृहाच्या गच्चीत, फुलणारे आणि मंदावणारे. किती सुंदर दिसेल ते. आणि त्यातल्या प्रत्येकामागे घरात कुणीतरी अर्धवट जागं.

पण ठिपके कमी होत आहेत. त्याआधीच्या २००९-१० च्या पाहणीत शंभरात चौदा जण ओढत होते, नंतर ते अकराच्या आत आले. २००८ च्या गांधीजयंतीला सार्वजनिक ठिकाणी ओढण्यावर बंदी आली, पाकिटांवर चित्रं आली, महाराष्ट्रात २०२० साली सुट्या विक्रीलाही मनाई झाली. कायद्याला माया नसते असं आपण म्हणतो. मला मात्र रेल्वेच्या डब्यात, बसमध्ये, कचेरीत आज जी स्वच्छ हवा मिळते तिच्यात कुणा अनोळखी माणसांची माया जाणवते. ज्यांनी माझ्या श्वासासाठी वर्षानुवर्षं भांडण मांडलं आणि ज्यांचे चेहरे मला कधी दिसणार नाहीत.

आणि डॉल यांच्या त्या ताळेबंदात आणखी एक पान होतं. मी ते पुन्हा पुन्हा वाचते. साठाव्या वर्षी सिगारेट सोडली तर हरवू पाहणाऱ्या वर्षांतली तीन परत मिळतात. पन्नासाव्या वर्षी सोडली तर सहा. चाळिसाव्या वर्षी नऊ. तिसाव्या वर्षी, जवळपास सगळी. शेवटची सिगारेट विझल्यावर वीस मिनिटांत नाडी शांत होऊ लागते. दिवसभरात रक्तातला विषारी वायू ओसरतो आणि प्राणवायूला त्याची जागा मिळते. काही आठवड्यांत, महिन्यांत ती बधिर झालेली लव पुन्हा हलू लागते. वर्ष सरता सरता हृदयावरचा वाढीव धोका निम्म्यावर येतो. इतकं सोसूनही शरीर दार लावून घेत नाही. नात्यात एवढी क्षमा मी पाहिलेली नाही. कुठल्याही वयात, कुठल्याही रात्री, आतला तो लढणारा तयारच असतो. त्याला फक्त एक सकाळ मोकळी हवी असते.

माझा मामेभाऊ चाळिशीत आहे. लोअर परळला एका काचेच्या इमारतीत काम करतो. ती जिथं उभी आहे तिथं एके काळी गिरणी होती. परवा त्याला भेटायला गेले तर तो खाली, फाटकाबाहेर उभा होता. बोटांत सिगारेट. आत ओढायला बंदी, म्हणून बाहेर. त्याच्या मागे काच उन्हात चमकत होती, लिफ्टमधून माणसांचा लोंढा उतरत होता, आणि मला एकाएकी साच्यांच्या तेलाचा वास आला. काळ एवढा बदलला, कापूस गेला, भोंगा गेला, आणि तरी बापाचा मुलगा बापाच्याच जागी येऊन उभा होता.

"ताई, टेन्शन असतं गं," मी काही विचारायच्या आत तो म्हणाला. "दिवसातली एवढी पाचच मिनिटं माझी असतात."

मी त्याला म्हटलं, ती पाच मिनिटं सोडू नकोस. रोज खाली ये. फोन वर ठेवून ये. इथं उभा राहा, रस्ता बघ, आकाश बघ, कुणाशी बोलू नकोस, कुणाचा होऊ नकोस. ती खोली तुझी आहे आणि ती तुला हवीच. तिच्यातला धूर तेवढा जाऊ दे. एकट्याला जमलं नाही तर मदत माग. पाकिटावर १८००-११-२३५६ हा नंबर छापलेला असतो, तो लाव, डॉक्टरकडे जा, मला रात्री-बेरात्री हाक मार. पीळ घट्ट असतो, मी तुझ्या घरातच पाहिला आहे. पाच वेळा सुटून पुन्हा धरली म्हणून सहाव्यांदा सोडायची नाही असं कुठं असतं?

मग त्याला मी ते पान सांगितलं. तिशीची वर्षं, चाळिशीची, पन्नाशीची. तो ऐकत होता. हातातली सिगारेट तशीच जळत होती.

"बाबांनी पन्नाशीत सोडली असती तर?" त्यानं विचारलं.

सहा, मी म्हटलं. सहा वर्षं म्हणजे तुझी पहिली नोकरी. तुझं लग्न.

तो काही बोलला नाही. मीही थांबले, आणि मग जे मला मामाला म्हणायचं होतं ते त्याच्या मुलाला म्हटलं, स्पष्ट, मोठ्यानं, येणाऱ्याजाणाऱ्यांना ऐकू जाईल असं. तुझी मुलगी अजून शाळेत आहे. तिची दहावी आहे, तिचा पहिला पगार आहे, तिची तुझ्याशी व्हायची भांडणं आहेत. तुझ्या आईला म्हातारपणी हाताला धरून गावच्या घराच्या पायऱ्या चढवायचं काम अजून व्हायचं आहे. ही वर्षं तुझ्या नावावर असली तरी ती आमच्या सगळ्यांच्या मालकीची आहेत. आम्हाला ती पूर्ण हवी आहेत. आज सोड. वजाबाकी या घरानं एकदा केली आहे. पुन्हा करायची नाही.